मधलं बेअरिंग

८ मार्च

चि. ठिणगीस,

आशीर्वाद नेहमीचेच, ते घेऊन ठेव. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम तुझ्या आईकडून लिहून घेतलाय. माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच बाजूला ठेवशील अशी मला भीती होती. आता उघडलंच आहेस तर वाचून काढ. भांडणाचं यात काही नाही. गाडीचं आहे.

गाडी उघडली.

जानेवारीत मी कारखान्यातून निवृत्त झालो, हे आईनं तुला फोनवर सांगितलंच असेल. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस घरी बसला की काय होतं, ते तिलाच विचार. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं नीट घट्ट बसवून दिली. दुसऱ्या आठवड्यात तिला एकही डबा उघडेना. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, तुम्ही गॅरेजमध्ये जा. काय वाटेल ते करा, पण तिथं करा."

मग ताडपत्री ओढली. अकरा वर्षांनी. धूळ एवढी होती की दोन दिवस मी शिंकत होतो आणि आई दारातून "बरं झालं" म्हणत होती. डाव्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. टायर बसलेले, टपाच्या कापडाच्या चिंध्या, हेडलाइटच्या काचेत पाणी. पण नाक, ठिणगे! ते लांब नाक जसंच्या तसं. गाडी माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान आहे, आणि आमच्या दोघांत आजही तीच देखणी आहे.

काम पद्धतशीर चालू आहे. प्रत्येक भागाला नंबर, प्रत्येक नंबराला डबी, आणि डब्यांची यादी भिंतीवर. बॉनेट काढलं, गिअरबॉक्स सोडवला, आणि साखळी-कप्पी लावून इंजिन एकट्यानं बाहेर काढलं. एकट्यानं म्हणजे साखळी आईनं धरली होती. पण डोकं माझं होतं.

परवा इंजिन उलटं करून खालचं तेलाचं चेंबर सोडवलं. आत जे दिसलं ते या पत्रात लिहीत नाही. कागद लहान आहे.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझे बाबा


२ मे

चि. ठिणगीस,

उत्तर आलं नाही, ते ठीकच आहे, मीच तसं लिहिलं होतं. तरी पोस्टमन आता मला बघून लांबूनच हात हलवतो. "काही नाही, काका!" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडतो. त्याची ही सेवा मला नकोय.

गाडीचं ऐक. खालचा पत्रा पार गेला होता. ड्रायव्हरच्या पायाखाली हात घातला तर हात थेट जमिनीला लागला. दोन्ही बाजूंचा सडलेला पत्रा कापून काढला, पुठ्ठ्याचे नमुने कापले, त्यावरून नवा पत्रा कापून, ठोकून, वेल्डिंग केलं. शिवण इतकी सरळ आली आहे की मी दिवसातून तीनदा गाडीखाली जाऊन बघतो. आई म्हणते, "स्वतःच्या कामावर इतकं खूश असलेलं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही." मी म्हटलं, "इतकं चांगलं काम तरी कुठं पाहिलंस?"

रंगाला एक रंगारी धरलाय. वयानं माझ्याएवढाच, हात सोन्यासारखा, पण डोक्यात एकच रंग. लाल. मी त्याचं नाव लालबुवा ठेवलंय.

"साहेब, स्पोर्ट्‌स गाडी आहे. लालच पाहिजे," तो म्हणाला.

"मूळची हिरवी आहे. हिरवीच होणार."

"हिरवा रंग काय, ट्रॅक्टरलापण देतात."

"मग तुम्ही ट्रॅक्टर समजून द्या."

तीन दिवस आमचं हे चाललं. शेवटी मी त्याला हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला मी तुझा तो फोटो चिकटवलाय, आईला पाठवला होतास तो. हँगरमध्ये विमानाचं इंजिन उघडं आहे आणि तू हातात टॉर्च घेऊन त्यात अर्धी आत गेलीयेस. मी त्याला म्हटलं, "ही माझी मुलगी. हिची सही झाल्याशिवाय विमान जमिनीवरून उठत नाही. ही घरी आली आणि गाडी लाल दिसली तर माझं काही खरं नाही." लालबुवानं फोटो खूप वेळ बघितला आणि मुकाट्यानं हिरवा रंग कालवायला घेतला. हा फोटो मी आतापर्यंत भाजीवाला, पोस्टमन, पाण्याचं मीटर बघणारा आणि दोन अनोळखी माणसांना दाखवलाय. तू चिडशील म्हणून सांगून टाकतो.

उरलेला रंग तो गॅरेजमधल्या लाकडी कपाटालाही लावायला निघाला होता, मी लावू दिला नाही. त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलंय.

नवी बेअरिंगं बसवली. पाचही.

आता मुख्य गोष्ट. २० सप्टेंबरला तुझी आई साठ वर्षांची होते. काय पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला वस्तू नको. त्या गाडीतून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचंय. मागच्या वेळी अर्ध्या चढावरून चालत परत आले होते. तो चढ माझा राहिलाय." हे ती हसत म्हणाली. पण तिचं हसणं आणि तिचं विसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुलाही माहीत आहे.

तू त्यासाठी दोन दिवस येणार आहेस, आणि मावशीकडे उतरणार आहेस, हे कळलं. मावशीचं घर चांगलंच आहे. हवेशीर आहे. मी काही म्हणत नाही. फक्त स्टेशनवर तुला घ्यायला मी गाडी घेऊन येईन, एवढं ठरवून ठेवलंय. मावशीच्या दारात सोडीन आणि वळून जाईन.

तुझे बाबा


११ जुलै

ठिणगे,

चालू झाली!

सकाळी साडेनऊ वाजता, पहिल्या किल्लीला. दुसऱ्या म्हणायला पाहिजे खरं तर, कारण पहिल्यांदा मी बॅटरीची तार जोडायला विसरलो होतो. पण ते मोजायचं नसतं. स्टार्टर फिरला, सायलेन्सरमधून अकरा वर्षांचा काळा धूर निघाला, शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरी राखाडी झाल्या, आणि इंजिन सुरू झालं. तेलाच्या दाबाचा काटा ताडकन वर गेला आणि वरच राहिला. मी तो काटा बघत उभा होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानं.

लालबुवानं टाळ्या वाजवल्या. आईनं चादरींबद्दल शेजाऱ्यांची माफी मागितली, आणि मग तीही येऊन मडगार्डला टेकून उभी राहिली. हिरवा रंग उन्हात काय दिसतो म्हणून सांगू! दारं एका बोटानं लागतात. सीटचं कातडं मी स्वतः शिवलंय, आईच्या मशीनवर. तीन सुया मोडल्या. चौथी मोडल्याचं तिला अजून कळलेलं नाही.

फक्त किल्लीचं तेवढं जपायला लागतं. एकच आहे. दुसरी कधीच हरवली, आणि किल्लीवाला म्हणतो, हा घाट आता मिळत नाही. मी ती सुतळीत ओवून गळ्यात घालतो. आई म्हणते, तुम्ही आंघोळीलाही काढत नाही. काढत नाही हे खरं आहे.

मग फक्त दोन कार्ब्युरेटर सारखे करायचे राहिले होते. ते काय, तासाभराचं काम. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. तुला काय सांगायचं! नऊ वर्षांची असल्यापासून तू खोक्यावर उभी राहून ते करायचीस. मी म्हणायचो, "डावा?" तू म्हणायचीस, "डावा हपापलाय." आणि तो खरंच जास्त ओढत असायचा. कारखान्यात मी सांगत फिरायचो की माझ्या मुलीच्या कानात मायक्रोमीटर बसवलाय.

मी ते आज केलंच. इंजिन लोण्यासारखं चालतंय.

तुझे बाबा


२० जुलै

ठिणगीस,

काल रविवारी तू आईला फोन केलास तेव्हा मी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं होतं आणि आई फोन घेऊन दारात उभी होती, हा निव्वळ योगायोग आहे. तुला ऐकवायला मी ते चालू ठेवलं नव्हतं.

आणि तू तिला म्हणालीस, "हे लोण्यासारखं? डावा किती हपापलाय! बाबांना ऐकू येत नाही का?"

आणि तिनं सांगून टाकलं.

हे मला आवडलेलं नाही, हे लिहायला हे पत्र. मला ऐकू येतं. व्यवस्थित येतं. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात त्याला मी काय करू? आई पाठमोरी उभी राहून कांदा चिरता चिरता बोलते आणि मग म्हणते, तुम्ही लक्ष देत नाही. डॉक्टरीणबाईंनी कानाला लावायला शेंगदाण्याएवढं यंत्र दिलंय. ते कपाटात आहे आणि तिथं ते सुखात आहे.

कारखान्यात सगळ्यांचेच कान थोडे कमी होतात. चाळीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी उभं राहून बघ. मी कुणाकडे तक्रार केली नाही. आणि दूर बसून फोनवरून कुणी माझ्या कार्ब्युरेटरला नावं ठेवावीत, हे मला चालणार नाही.

मी पुन्हा नळी लावून बघितलं. दोन्ही सारखे आहेत.

बाबा


१४ ऑगस्ट

माझ्या ठिणगीला,

तुझं पार्सल परवा आलं. पोस्टमननं गल्लीच्या तोंडापासून ओरडायला सुरुवात केली, "काका, आलं! आलं!" आणि या वेळी मला ते नीट ऐकू आलं. सही मी नको त्या रकान्यात केली. त्यानं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मुलीचं आहे." तो म्हणाला, "विमानवाली?" बघ, तुझी ओळख कुठवर पोचली आहे.

आधी खरं सांगतो. खोकं उघडलं, आत ते हवेचं मीटर बघितलं आणि माझं डोकं फिरलं. कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवायचं, किती हवा ओढतो ते काटा दाखवणार. मी आईला म्हटलं, "बघ, बापाला कुबडी पाठवलीय." आई म्हणाली, "खोक्याच्या तळाशी कागद आहे, तो आधी वाचा आणि मग बोंबला."

तो कागद मी आता शर्टच्या खिशात ठेवतो. सहा ओळी आहेत, पाठ झाल्यात. 'बाबा, आईनं कानांचं सांगितलं. मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या वेळीही तुम्हाला तो ठोका ऐकूच आला नसणार. मी अकरा वर्षं समजत होते की तुम्ही मुद्दाम मला खोटं पाडलं. चुकलं माझं. वीस सप्टेंबरला मावशीकडे नाही, घरीच येते. काटा मधोमध ठेवा.'

घरीच येते! मी ते आईला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं तिसऱ्यांदाही ऐकून घेतलं.

तुझी खोली झाडून काढली. खिडकीचा कडी-कोयंडा नवा बसवला. पलंग करकरतो असं आई म्हणाली, मला काही तो करकरताना ऐकू आला नाही, पण मी सगळे नटबोल्ट आवळले. आणि हो, कानातलं यंत्र कपाटातून काढलं. लावलं. पहिल्याच दिवशी कळलं की आपल्या घरातलं घड्याळ टिकटिक करतं. आई भांडी घासताना गुणगुणते, हेही कळलं. कधीपासून गुणगुणते विचारलं तर म्हणाली, "लग्नाआधीपासून." गॅरेजमध्ये मात्र ते यंत्र इंजिनाच्या आवाजानं नुसतं किंचाळतं, तिथं त्याचा उपयोग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आवाज सगळ्यात आधी जातात आणि ते परत येत नाहीत. कार्ब्युरेटरची फुसफुस मला आता ऐकू येणार नाही. हे मी पहिल्यांदाच लिहून देतोय.

मीटर लावलं. उजवा मधोमध, आणि डावा त्याच्या कितीतरी पुढं. म्हणजे डावा खरोखरच हपापलाय. फोनवरून, गॅरेजच्या दारातून, आईच्या हातातला फोन, आणि तुला ते कळलं! लालबुवाला सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, असे कान असलेलं माणूस मी बघितलं नाही." मी म्हटलं, "कसं बघाल? एकच आहे."

गाडी तयार आहे. ये लवकर.

तुझे बाबा


६ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

हे पत्र मी आठ दिवस लिहितोय. पहिले चार कागद आईनं गॅरेजच्या कचऱ्यातून काढून, घडी घालून माझ्यासमोर परत ठेवले.

मागच्या पत्रात मी तुला घरी बोलावलं. तू येतेस ते माझे कान तेव्हाही गेले होते असं समजून. मी ते तसंच चालू दिलं, आणि तीन आठवडे खोली झाडत बसलो. ते आता पुरे झालं.

ठिणगे, तेव्हा माझे कान शाबूत होते. तो ठोका मला ऐकू आला होता.

अकरा वर्षांपूर्वी त्या शनिवारी सकाळी तू सांगितलंस, "बाबा, तळातून ठोका येतोय, गाडी काढू नका." मी म्हटलं, कसला ठोका. तो मला आदल्या संध्याकाळपासून ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन टाकीच्या चढावर निघालो, तेव्हा तर स्टिअरिंगमधून हाताला लागत होता. आईनंही विचारलं, "हे ठक ठक काय?" मी म्हटलं, "रस्ता खराब आहे." अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं आणि बंद पडलं.

मग गाडी ओढून आणली, फाटकापाशी कारखान्यातली चार माणसं जमली, आणि तुझ्या हातात नेमका स्क्रूड्रायव्हर होता. आदल्या दिवशी तू डावा कार्ब्युरेटर अर्धा फेरा फिरवला होतास, हे तूच मला प्रामाणिकपणे सांगितलं होतंस. मी तेच सगळ्यांसमोर तुझ्यावर उलटवलं. म्हटलं, हिनं कार्ब्युरेटर बिघडवला, म्हणून इंजिन तापलं. म्हटलं, परत माझ्या गाडीला हात लावायचा नाही. तू स्क्रूड्रायव्हर फळीवर ठेवलास, नीट, त्याच्या जागेवर, आणि आत गेलीस. सतरा वर्षांची होतीस. त्यानंतर तू गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नाहीस, आणि हॉस्टेलला गेल्यावर फोनवर फक्त "आईला द्या" एवढंच म्हणत राहिलीस.

आता चूक काय होती ते सांगतो. प्रत्येक बेअरिंगचे दोन अर्धे असतात. वरच्या अर्ध्याला भोक असतं, त्यातून तेल येतं. खालचा अर्धा बिनभोकाचा. नव्यानं शिकायला आलेल्यालाही हे पहिल्या दिवशी सांगतात. त्याच्या थोडे दिवस आधी इंजिन उघडून पुन्हा जोडलं, त्या दिवशी मी कारखान्यातल्या त्याच चौघांना मुद्दाम बोलावलं होतं, फोरमनचे, म्हणजे माझे, हात कसे चालतात ते बघायला. न बघता बसवून दाखवतो म्हणालो. गप्पा मारत मारत, त्यांच्या तोंडाकडे बघत, पाचही बसवली. मधल्याचे अर्धे उलटे बसले. तेलाच्या वाटेवर बिनभोकाचा अर्धा आला आणि मधलं बेअरिंग कोरडंच फिरत राहिलं. बाकीचं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

त्या दिवशी चढावरच मला कळून चुकलं होतं की असंच काहीतरी असणार. म्हणून अकरा वर्षं इंजिन उघडलं नाही. लोकांना सांगायचो, वेळ नाही. मार्चमध्ये चेंबर सोडवून मधलं बेअरिंग उघडलं तेव्हा तो बिनभोकाचा अर्धा समोर होता, काळा पडलेला, आणि त्याच्या मागं तेलाचं भोक बुजलेलं. आई साखळी धरून उभी होती, तिनं विचारलं, "काय झालं?" मी तिला दाखवलं. तिला बेअरिंगमधलं काही कळत नाही, पण माझ्या चेहऱ्यातलं कळतं. म्हणाली, "म्हणजे पोरगी खरं बोलत होती." मी म्हटलं, "हो."

परवा मी तिलाच विचारलं, "ठक ठक आपण दोघांनी ऐकलं होतं, तुला आठवतंय. मग ठिणगी कानांचं बोलली तेव्हा तू तिला खरं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "ते तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मी अकरा वर्षं थांबलेय, अजून थोडी थांबले."

आणि लाकडी कपाटाचं सांगायचं राहिलं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तू पेन्सिलनं कामाच्या नोंदी करायचीस. कुठला स्क्रू किती फेरे, कुठल्या तारखेला. शेवटची नोंद त्या शनिवारची आहे. 'डावा अर्धा फेरा कमी केला, आता दोन्ही सारखे. तळातून ठोका. बाबांना सांगितलं. नाही म्हणाले.' लालबुवाचा ब्रश तिथं पोचू दिला नाही तो यासाठी. मार्चपासून रोज सकाळी मी ते दार उघडून वाचतो आणि मग कामाला लागतो. विमानाच्या कागदावरही तू असंच लिहीत असशील, जे ऐकलं ते आणि ज्याला सांगितलं त्याचं नाव. मला त्याचा किती अभिमान वाटतो ते भाजीवाल्याला माहीत आहे, तुला माहीत नव्हतं.

फाटकापाशी तेव्हा जे चौघे होते, त्यातले तिघे इथंच राहतात. गेल्या रविवारी त्यांना चहाला बोलावलं, तो काळा अर्धा टेबलावर ठेवला आणि काय झालं होतं ते सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." मी म्हटलं, "माझी मुलगी बरोबर होती, एवढं म्हणा आणि चहा घ्या." तिघांनीही म्हटलं. मग चहा घेतला.

आता तू ठरव. घरी ये, मावशीकडे उतर, किंवा येऊच नकोस. मी काही म्हणत नाही, असं मी मागे लिहिलं होतं ते खोटं होतं. मला खूप म्हणायचं आहे. घरी ये. पण खरं काय ते कळल्यावर ये.

पाकिटात किल्ली आहे. सुतळीसकट. दुसरी नाही, हे तुला माहीत आहे. स्टेशनवर गाडी घेऊन येईन असं मी ठरवलं होतं, आता ते जमणार नाही. बसनं ये. आईला विचारलं, "तिनं किल्ली आणली नाही तर तुझी फेरी बुडेल, चालेल?" ती म्हणाली, "मागच्या वेळी चालत परत आले. या वेळी चालत जाईन. पाठवा तुम्ही."

डावा कार्ब्युरेटर अजून तसाच आहे, हपापलेला. काटा मधोमध आणायला अर्धा फेरा लागेल, मी आणलेला नाही. तो तुझा फेरा आहे. स्क्रूड्रायव्हर फळीवर आहे, तू ठेवला होतास तिथंच.

गाडीत दोनच सीट आहेत. एकीवर तुझी आई बसेल. चालवणारीच्या सीटला मी उशी शिवून ठेवलीय, तुझी उंची आईला विचारून. मी फाटकापाशी उभा राहीन आणि तुम्ही वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत बघत राहीन.

तुझे बाबा

ता. क. स्टार्टर मारण्याआधी तेल बघ. मी बघितलंय. पण तू बघ.